शर्यतीच्या आधीची शर्यत

धावण्याच्या शर्यतीइतका साधा खेळ दुसरा नाही. एक रेघ आखावी, काही अंतरावर दुसरी रेघ आखावी, आणि पहिल्या रेघेवरून सुटून दुसरी रेघ जो आधी ओलांडील त्यास विजयी म्हणावे, एवढाच त्याचा सारा कायदा. येथे वशिला चालत नाही, वक्तृत्व चालत नाही, कुळाची थोरवी चालत नाही. घड्याळाचा काटा धनिकासाठी मंदावत नाही आणि गरिबासाठी घाई करीत नाही. म्हणूनच क्रीडांगण हे समतेचे माहेरघर आहे असे आपण म्हणत आलो, आणि दर चार वर्षांनी ऑलिंपिकचे सामने भरले म्हणजे या विचाराला भरती येते.

श्रोतेहो, हा विचार खोटा नाही. पण तो अर्धाच आहे. घड्याळ निःपक्षपाती असते हे खरे, परंतु घड्याळासमोर उभे कोणी राहावयाचे हे घड्याळ ठरवीत नाही. ते नियम ठरवितात, आणि नियम माणसे करतात. नियम वाचणे, त्यांचा अर्थ लावणे आणि प्रसंगी ते लिहिणे हा माझा रोजचा व्यवसाय असल्यामुळे असेल, पण विक्रमांच्या यादीपेक्षा प्रवेशाच्या अटींची यादी मला अधिक बोलकी वाटते. अमुक साली शंभर मीटर किती सेकंदांत तोडले गेले हे कळले म्हणजे माणसाच्या पायांची मर्यादा कळते. त्याच साली कोणाला धावू दिले नाही हे कळले म्हणजे त्या काळाच्या मनाची मर्यादा कळते. प्रत्येक मोठ्या शर्यतीच्या आधी मैदानाच्या वेशीवर आणखी एक शर्यत होऊन गेलेली असते. तिला प्रेक्षक नसतात आणि तिच्यासाठी पदकही नसते. आज या दुसऱ्या शर्यतीविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्राचीन ग्रीसमधील ऑलिंपियाच्या सामन्यांची परंपरा इसवी सनापूर्वी ७७६ पासून मोजली जाते. तेथे धावण्याचा मान स्वतंत्र ग्रीक पुरुषाचा. गुलामाला तो नव्हता, परकीयाला नव्हता, स्त्रीला नव्हता. विवाहित स्त्रीला तर प्रेक्षक म्हणूनही मज्जाव होता. पुढे हे सामने बंद पडले. पिअर द कुबेर्तां या फ्रेंच सरदाराने १८९४ साली पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात परिषद भरवून त्यांच्या पुनरुज्जीवनाचा ठराव करून घेतला, आणि १८९६ च्या एप्रिलमध्ये अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिकचे पहिले सामने झाले. त्यांत सुमारे अडीचशे खेळाडूंनी भाग घेतला; ते सगळे पुरुष होते. मॅरेथॉनची शर्यत स्पिरिडॉन लुईस या ग्रीक तरुणाने जिंकली. मारूसी गावचा हा तरुण पाणी वाहून पोट भरणारा होता. राजापासून रंकापर्यंत साऱ्या अथेन्सने त्याला डोक्यावर घेतले. पण हाच लुईस त्यापूर्वी पंचवीसतीस वर्षांमागे लंडनला जाऊन धावू म्हणता, तर त्याला दारातूनच परत पाठविण्यात आले असते. त्याचे कारण होते 'हौशी' या एका शब्दात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये मैदानी खेळांच्या संस्था निघू लागल्या. १८६६ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या 'ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लब'ने हौशी खेळाडूची जी व्याख्या केली, तीत पैशासाठी खेळणारा वगळला होताच. पण त्याबरोबर कारागीर आणि मजूरही वगळले होते. हातांनी कष्ट करणारा माणूस अंगबळात सभ्य गृहस्थाला भारी पडतो, तेव्हा दोघांची शर्यत न्याय्य नव्हे, असा युक्तिवाद यासाठी केला जाई. त्याच्या आड दडलेली इच्छा अशी की, हार पत्करावयाचीच तर ती बरोबरीच्या माणसाकडून पत्करावी. १८८० साली मैदानी खेळांच्या नव्या संस्थेने ही अट काढून टाकली. तथापि थेम्स नदीवरील हेन्ली येथील होड्यांच्या शर्यतींत मजूर-कारागिरांना मज्जाव करणारा नियम १९३७ पर्यंत टिकून होता.

ऑलिंपिकने मजुराला दार लावले नाही. मात्र खेळावर ज्याने कधी पैसा मिळविला आहे त्याला ते लावले. ऐकावयास हा नियम उदात्त वाटतो. परंतु खेळाच्या सरावाला वेळ लागतो, आणि ज्याच्या घरी शेतीवाडी किंवा वडिलार्जित पेढी आहे त्यालाच बिनपैशाचा वेळ परवडतो. या नियमाचा जाच कोणाला झाला हे पाहावयाचे असेल तर जिम थॉर्पची हकीकत ऐकावी. हा अमेरिकेतील मूळ रहिवाशांपैकी सॅक व फॉक्स जमातीचा. १९१२ साली स्टॉकहोम येथे त्याने पाच प्रकारांची आणि दहा प्रकारांची अशा दोन्ही संयुक्त स्पर्धा जिंकल्या. पुढच्याच वर्षी असे उघडकीस आले की, १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यांत तो नॉर्थ कॅरोलिना राज्यात किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळला होता. त्याची दोन्ही पदके काढून घेण्यात आली. वास्तविक कोणाच्या पात्रतेबद्दल तक्रार असल्यास ती सामन्यांनंतर ३० दिवसांच्या आत करावी, असा त्या सामन्यांचाच नियम होता, आणि ही तक्रार त्यानंतर पुष्कळ महिन्यांनी पुढे आली. म्हणजे थॉर्पने मोडलेला नियम काटेकोरपणे पाळला गेला आणि थॉर्पला वाचविणारा नियम कोणाच्या लक्षातही आला नाही. थॉर्प १९५३ मध्ये वारला. १९८२ साली त्याला सहविजेता म्हणून मान्यता मिळाली आणि त्या दोन स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव २०२२ साली नोंदले गेले. मधल्या काळात ती 'हौशी'पणाची अट स्वतः ऑलिंपिकनेच सोडून दिली होती.

दुसरे दार स्त्रियांपुढे होते. १९०० साली पॅरिसच्या सामन्यांत प्रथमच स्त्रिया खेळल्या; सुमारे हजार खेळाडूंत त्या अवघ्या २२. धावण्याच्या आणि उड्यांच्या स्पर्धा मात्र त्यांना बंद होत्या, आणि खुद्द कुबेर्तां यांचा स्त्रियांच्या सहभागास अखेरपर्यंत विरोध होता. तेव्हा ॲलिस मिलिया या फ्रेंच बाईंनी १९२१ साली स्त्रियांची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संस्था काढली आणि १९२२ मध्ये पॅरिसला स्त्रियांचे स्वतंत्र सामने भरविले. दार उघडत नाही तर शेजारीच दुसरे घर बांधावे, असा हा बाणेदार मार्ग होता. त्याचा परिणाम झाला, आणि १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी मैदानी खेळांच्या पाच स्पर्धा ठेवण्यात आल्या.

त्यांपैकी एक आठशे मीटरची होती. २ ऑगस्ट १९२८ रोजी अंतिम शर्यत झाली. जर्मनीच्या लीना राड्केने ती २ मिनिटे १६.८ सेकंदांत, नव्या जागतिक विक्रमासह जिंकली. जपानची किनुए हितोमी दुसरी आली. दुसऱ्या दिवसापासून अनेक वृत्तपत्रांत निराळेच वर्णन येऊ लागले. कित्येक मुली वाटेत गळाल्या, कित्येक बेशुद्ध होऊन पडल्या, तो देखावा पाहवत नव्हता, असे त्यांत लिहिले होते. प्रत्यक्षात नऊ मुली धावल्या होत्या आणि नऊही जणींनी शर्यत पुरी केली होती. दमछाक झाली ती कोणत्याही जोरकस शर्यतीनंतर होते तेवढीच. परंतु या वर्णनांच्या आधारे स्त्रियांची आठशे मीटरची शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आली. ती परत आली १९६० मध्ये. म्हणजे ३२ वर्षे स्त्रियांनी दोनशे मीटरच्या पलीकडे धावू नये असा निर्णय एका खोट्या वर्णनाने घडवून आणला.

याच्या शेजारी दुसरे एक चित्र ठेवून पाहावे. १९०८ साली लंडनच्या मॅरेथॉनमध्ये डोरांडो पिएत्री हा इटालियन धावपटू सर्वांच्या पुढे मैदानात शिरला, उलट्या दिशेने वळला, वारंवार कोसळला. अधिकाऱ्यांनी हात देऊन त्याला शेवटच्या रेघेपर्यंत नेले, आणि म्हणून तो बाद ठरला. साऱ्या जगाने त्याचे कौतुक केले. राणी अलेक्झांड्राने त्याला चषक दिला. पुरुषांची मॅरेथॉन बंद करावी असा निष्कर्ष त्यावरून कोणी काढला नाही. पुरुष कोसळला तेव्हा तो वीर ठरला; स्त्री दमली तेव्हा सबंध स्त्रीजात दुबळी ठरली. मापे अशी दोन होती. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यावयास १९८४ साल उजाडले, आणि तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत, जिला स्टीपलचेस म्हणतात, ती तर २००८ मध्ये आली.

या तारखांचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा कायमचा दुष्काळी मुलूख. तेथल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ येथे याच स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा लॉस एंजेलिसला चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदकास मुकली, त्यानंतर धावपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ललिता ही पहिली भारतीय स्त्री. उषा ज्या शर्यतीत धावली ती स्त्रियांसाठी त्याच वर्षी प्रथम ठेवण्यात आली होती. या दोघी दहा वर्षे आधी जन्मल्या असत्या, तर कदाचित अंगी तेवढेच कसब असूनही धावण्यास शर्यतच नव्हती. मिलियाबाईंच्या १९२२ च्या हट्टाचे फळ असे दूरच्या शिवारात रुजले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्त्री आणि पुरुष खेळाडूंना प्रथमच सारख्या जागा देण्यात आल्या. अथेन्सनंतर त्याला १२८ वर्षे लागली.

आता वर्णाच्या आणि वंशाच्या दाराकडे येऊ. १९३६ च्या बर्लिन सामन्यांची आठवण निघाली की जेसी ओवेन्सचे नाव निघतेच. शंभर मीटर, दोनशे मीटर, लांब उडी आणि चारशे मीटरची सांघिक शर्यत अशी चार सुवर्णपदके जिंकून या निग्रो तरुणाने, त्या काळी आपल्याकडे हाच शब्द रूढ होता, वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताला हिटलरच्या राजधानीतच उत्तर दिले. हे खरेच आहे. परंतु त्याच सामन्यांत ग्रेटेल बर्गमान नव्हती, हे क्वचितच सांगितले जाते. या ज्यू मुलीने सामन्यांच्या काही आठवडेच आधी उंच उडीत १.६० मीटरचा जर्मन विक्रम गाठला होता. परदेशी राष्ट्रांनी बहिष्कार घालू नये म्हणून तिला सराव करू देण्यात आला, आणि अमेरिकेचा संघ बोटीत बसून निघाल्यावर तिला कळविण्यात आले की तुझी निवड झालेली नाही. बर्लिनच्या विजेतीच्या नावावर जी उंची नोंदली गेली ती १.६० मीटरच आहे. ओवेन्सचे यश हे घड्याळाचे यश. बर्गमानची अनुपस्थिती हा वेशीवरचा पराभव. त्या सामन्यांचा इतिहास या दोघांना एकत्र ठेवल्याखेरीज पुरा होत नाही.

ओवेन्स परत गेला तो कोणत्या देशात? जेथे काळ्या माणसाला पुष्कळ ठिकाणी बसच्या मागच्या भागात बसावे लागे. राष्ट्राध्यक्षांकडून त्याला अभिनंदनाचा संदेशही आला नाही. युरोपातील उरलेला दौरा सोडून तो घरी परतला म्हणून क्रीडासंस्थेने त्याचे हौशीपण काढून घेतले, आणि पुढे पोटासाठी त्याला घोड्यांबरोबर शर्यती लावाव्या लागल्या. सार्वजनिक ठिकाणी वर्णभेद करण्यास बंदी घालणारा कायदा अमेरिकेत १९६४ साली झाला, तो त्याच्या पदकांनी नव्हे, तर असंख्य साध्या माणसांच्या सत्याग्रहाने झाला. खेळाच्या सामाजिक परिणामाविषयी बोलताना ही मर्यादा विसरू नये. विजेता समाजाला आरसा दाखवू शकतो; तोंड धुणे हे समाजाचेच काम.

परंतु कधी कधी क्रीडांगण याहून अधिकही करते. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांनाच देशाच्या वतीने खेळू देत असत. १९६४ च्या टोकियो सामन्यांचे त्या देशाला दिलेले आमंत्रण मागे घेण्यात आले आणि १९७० मध्ये ऑलिंपिक समितीने त्याला बाहेर काढले. ज्याने इतरांना दार लावले त्यालाच जगाने दार लावले. या कामी भारताने आपला वाटा उचलला, आणि तो फुकटचा नव्हता. १९७४ साली आपला टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यास पोचला होता. प्रतिस्पर्धी होता दक्षिण आफ्रिका. भारताने तो सामना खेळण्यास नकार दिला आणि चषक सोडून दिला. आपल्या खेळाडूंचे काय नुकसान झाले असेल याची कल्पना करावी. १९९२ साली बार्सिलोना येथे दक्षिण आफ्रिका परत आली. स्त्रियांच्या दहा हजार मीटरच्या शर्यतीत इथिओपियाची देरार्तू तुलू पहिली आली आणि दक्षिण आफ्रिकेची गोरी धावपटू एलाना मेयर दुसरी. शर्यत संपल्यावर दोघींनी हातात हात घालून मैदानाला फेरी घातली. त्या फेरीमागे कित्येक खेळाडूंनी न खेळलेले सामने उभे होते.

यानंतरचे दार कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नसते. ते गरिबीचे. आपल्या देशाचा पहिला ऑलिंपिक संघ १९२० मध्ये अँटवर्पला गेला, त्याची प्रेरणा पुण्यातली. डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून, यांना युरोपच्या मैदानावर का नेऊ नये, असे दोराबजी टाटांच्या मनात आले. त्यांनी पुढाकार घेतला, पैशाची तजवीज केली, आणि बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी तेथील मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा क्रमांक मिळविला. एखाद्या दानशूराची नजर पडली तर दार उघडावयाचे, अशी ही व्यवस्था होती. आणि ती पुढे पुष्कळ वर्षे तशीच राहिली.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला निघाले तेव्हा भाड्यापासून तयारी होती. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून त्यांना ७ हजार रुपये उभे करून दिले. जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाकडे बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली आणि मग हळूहळू विसर पडला. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले, १९८४ मध्ये अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर. महाराष्ट्रातील खेळाडूला पुन्हा वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळावयास २०२४ साल लागले. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी नेमबाजीत ते मिळविले, तेव्हा ते रेल्वेच्या नोकरीत होते. या दोन पदकांमधील ७२ वर्षांत आपल्या तालमी ओस पडल्या नव्हत्या आणि आपल्या माणसांचे बळही आटले नव्हते. गहाण टाकावयास ज्यांच्याजवळ घर नव्हते, किंवा ज्यांना खर्डेकरांसारखा प्राचार्य भेटला नाही, अशांची मोजदाद कोणी केलेली नाही. प्रवासखर्चाची मंजुरी वेळेवर देणे, खेळाडूला पोटापुरती नोकरी देणे, गावाजवळ एक धड मैदान राखणे, ही कामे कागदावर अगदी रुक्ष दिसतात. पण अलिखित नियम मोडावयाचा असेल तर तो याच कागदांनी मोडतो.

आणखी एक दार पुष्कळ उशिरा उघडले. लुडविग गुटमान हे ज्यू डॉक्टर नाझी राजवटीतून सुटून १९३९ साली इंग्लंडला आले. स्टोक मँडेव्हिलच्या इस्पितळात पाठीच्या कण्याला जबर दुखापत झालेल्या सैनिकांची सुश्रूषा ते करीत. अशा माणसाने अंथरुणावर मरणाची वाट पाहावी, असाच तोवरचा समज. गुटमान यांनी त्यांना खेळावयास लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन होत असतानाच, त्यांनी इस्पितळाच्या आवारात चाकांच्या खुर्चीत बसलेल्या १६ रुग्णांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. १९६० साली रोममध्ये हेच सामने आंतरराष्ट्रीय स्वरूपात झाले. तरीही १९८० मध्ये मॉस्कोला ऑलिंपिक झाले आणि अपंगांचे सामने हॉलंडमधील आर्नहेम येथे भरवावे लागले. दोन्ही सामने एकाच शहरात भरण्याची रीत १९८८ पासून पडली.

या इतिहासात आपलेही एक नाव आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे लष्करातील जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी ५० मीटर पोहण्याच्या स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक भारताला २००८ मध्ये मिळाले. अपंगांच्या सामन्यांतले त्याच्या ३६ वर्षे आधी आले होते. पेटकरांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. पण काळ बदलला हेही मान्य करावयास हवे. २०२४ मध्ये पॅरिसला भारताने ऑलिंपिकमध्ये ६ पदके मिळविली आणि अपंगांच्या सामन्यांत २९. ज्यांना आपण दयेचे विषय समजत होतो, त्यांनी देशाच्या झोळीत जवळजवळ पाचपट दान टाकले.

श्रोतेहो, वेशीवरची ही शर्यत संपली असे मात्र समजू नये. आज तिचा सर्वांत अवघड भाग चालू आहे. स्त्रियांच्या शर्यतीत धावण्यास स्त्री कोणास म्हणावे, असा तो प्रश्न. तामिळनाडूतील मजूर कुटुंबातली शांती सौंदराजन हिला २००६ साली दोहा येथील आशियाई सामन्यांत आठशे मीटरचे रौप्यपदक मिळाले आणि शारीरिक तपासणीनंतर ते काढून घेतले गेले. ओडिशाच्या द्युती चंदला २०१४ मध्ये शरीरातील एका संप्रेरकाचे प्रमाण नैसर्गिकपणेच अधिक असल्यामुळे संघातून वगळण्यात आले. तिने गप्प न बसता स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाकडे दाद मागितली. नियमाला पुरेसा शास्त्रीय आधार दाखविला गेला नाही म्हणून लवादाने जुलै २०१५ मध्ये तो नियम स्थगित केला, आणि द्युती रिओला धावली. पुढे निराळे नियम आले. सप्टेंबर २०२५ पासून जागतिक मैदानी खेळांच्या संस्थेने स्त्रियांच्या गटासाठी एकदा जनुकीय तपासणी बंधनकारक केली. स्त्रियांचा गट राखला नाही तर असंख्य मुलींवर अन्याय होईल, हे एका बाजूचे म्हणणे पोकळ नाही. जन्मजात देहामुळे कोणाला अपराध्यासारखे वागवावे काय, हा दुसऱ्या बाजूचा सवालही पोकळ नाही.

शास्त्राचा निवाडा मी करू शकत नाही. पण नियमांशी ज्याचा संबंध येतो त्याला तीन प्रश्न विचारावयास शिकविलेले असते. नियमाला खरा पुरावा आहे काय? ज्याच्यावर तो चालवावयाचा त्याचे म्हणणे ऐकून घेतले काय? आणि तो सर्वांना एकाच मापाने लावला जातो काय? १९२८ च्या आठशे मीटरच्या शर्यतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' होते. थॉर्पच्या बाबतीत नियमाची एक बाजू पाहिली आणि दुसरी नाही. दक्षिण आफ्रिकेची धावपटू कास्टर सेमेन्या हिच्या प्रकरणात युरोपातील मानवी हक्क न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले ते एवढेच की, तिचे म्हणणे नीटपणे ऐकले गेले नाही. निर्णय कोणत्याही बाजूस लागो. मान खाली घालावयास न लावता तो देता येतो, आणि तसाच तो दिला पाहिजे.

ऑलिंपिकने समाज बदलला काय, असे कोणी विचारले तर मी म्हणेन की, समाजाने ऑलिंपिक बदलले आणि बदललेल्या ऑलिंपिकने मागे राहिलेल्या समाजाला लाजविले. मिलिया, गुटमान, खर्डेकर यांपैकी कोणीही त्या त्या शर्यतीत धावले नाही. त्यांनी फक्त दार उघडे धरले. पुढील वेळी एखादी मुलगी विजयाच्या मंचावर उभी राहिलेली आपण पाहाल, तेव्हा टाळ्या अवश्य वाजवाव्या. पण आपल्या गावच्या मैदानाच्या दाराशी आज कोण उभे आहे, आणि त्याला आत येण्यास कोणता नियम, कोणती रीत किंवा कोणती उणीव अडवीत आहे, याचीही एकदा चौकशी करावी. ती चौकशी करण्यास कोणत्याही अधिकारपदाची गरज नाही.